सरकत्या दगडाची कहाणी

एका राज्यात समुद्राच्या कडेला एक दगड होता, आणि तो दगड राखणारा केरोबा नावाचा म्हातारा होता. राजा धवलकेतू गादीवर बसला, त्या दिवशी तो दगड रोवला होता. दर वैशाखी पुनवेला राजा दगडावर हात ठेवी आणि म्हणे, "सागरा, इथवर तुझे, इथून पुढे माझे." भरतीचे पाणी दगडाला शिवून मागे फिरे. लोक जयजयकार करीत.

राजवाड्यात एक शेगडी अखंड जळत असे. एका जादूगाराने राजाला काळे मणी दिले होते. त्या मण्यांत कुठल्याशा जुन्या युगाचे ऊन कोंडलेले होते. मणी जाळले की ते ऊन मोकळे होई, आणि धूर आभाळात साचून ती ऊब धरून ठेवी. राज्यात हिवाळा उरला नव्हता, आणि लोकांना त्याचे कौतुकच होते. जाताना जादूगार म्हणाला होता, "राजा, आपली चूक आपल्या पावलांनी मोजशील, तेव्हाच ही आग विझेल." राजा हसला होता.

केरोबाची लेक सगुणा किनाऱ्यावर मीठ पिकवी. एका वर्षात तिच्या मिठागराचा बांध तीनदा फुटला. तिसऱ्यांदा पाणी चुलीपर्यंत आले. तेव्हा ती राजापुढे उभी राहिली.

"महाराज, समुद्र वर येतो आहे. टेकडीवरची बाग आम्हाला राहायला द्या. ती शेगडीही विझवा."

"दगड आहे तिथेच आहे. समुद्र कसा वर येईल? तुझा बांधच कच्चा असेल."

"बांध माझ्या हातचा आहे, महाराज. तो कच्चा असेल, तर माझी भाकरीही कच्चीच म्हणायची."

दरबार हसला. राजा हसला नाही. "त्या दगडाहून जुने तीन साक्षीदार आण. येत्या वैशाखी पुनवेपर्यंत आणले नाहीस, तर राज्य सोड."

केरोबा दरबारातच होता. घरी येऊन म्हणाला, "पोरी, तू बांध सांभाळ. मी जातो."

टेकडीच्या अंगाला, राजाच्या बागेच्या खाली, अर्ध्या माडाइतक्या उंचीवर, खडकात एक शिंपला रुतलेला होता. केरोबाने हात जोडले. शिंपला म्हणाला, "मला इथे कोणी आणून ठेवले नाही. मी इथेच जन्मलो. त्या युगात ऊन आजच्याएवढेच होते, आणि समुद्र माझ्या डोक्यावरून वाहत होता. मला घेऊन चल."

पुढे तळ्याकाठी चक्रवाक पक्षी भेटला. तो म्हणाला, "दुसरा साक्षीदार उत्तरेला आहे. बैस पाठीवर, म्हाताऱ्या. नुसती हाडेच तर आहेत, ओझे कसले?"

तीन दिवसांनी ते उत्तरेच्या हिमगडावर उतरले. गड सगळा बर्फाचा. वरून तो तुपासारखा पाघळत होता, खालून समुद्र त्याचा पाया उंदरासारखा कुरतडत होता. एक बुरूज त्यांच्या डोळ्यांदेखत ढासळला. गड म्हणाला, "माझ्या पोटात जुन्या युगांचे श्वास आहेत. एक घेऊन जा." केरोबाने बर्फाचा तो तुकडा भाताच्या तुसात गुंडाळला.

पुनवेच्या दिवशी दरबार भरला. शिंपल्याने आपले सांगितले. बर्फाचा तुकडा राजाच्या तळहातावर ठेवला, तो टप्प करून फुटला, आणि जुना श्वास बोलला, "माझ्या युगात धूर आजच्याहून कमी होता, तरी गड ढासळला. एकदा ढासळला की पुन्हा उभा राहायला हजारो वर्षे लागतात."

"आणि तिसरा?" राजाने विचारले.

केरोबा गुडघ्यांवर बसला. "तिसरा मी, महाराज. मी दगडाहून जुना आहे. तुमचा शब्द खाली पडू नये म्हणून दर पुनवेच्या आदल्या दिवशी मी दगड वर सरकवीत आलो."

सगुणेने बापाकडे पाहिले. "बाबा, तीनदा बांध फुटला माझा."

"होय, पोरी. तू बांधत होतीस, आणि मी बघत होतो."

राजा उठला. ओहोटी लागली होती. दगडापासून तो समुद्राकडे चालू लागला, पावले मोजीत. पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले. एक्केचाळिसाव्या पावलाला ते छातीशी आले, आणि पाय एका चौकोनी खोबणीत गेला. गादीवर बसला त्या दिवशी, दगड रोवताना, याच खोबणीत त्याने स्वतःच्या हातांनी दूध ओतले होते.

"चुकलो," राजा म्हणाला.

त्याच क्षणी शेगडी विझली.

केरोबाने शिक्षेसाठी मान पुढे केली. राजा म्हणाला, "ऊठ. खरे ऐकणारा राजा तुला मिळाला नाही, ही माझी चूक."

समुद्र त्या दिवशी मागे गेला नाही. चक्रवाक म्हणाला, "पडझड आता हळूहळू थांबेल. गड भरायला मात्र माझ्या नातवंडांची नातवंडे लागतील." म्हणून सारा गाव बागेत राहायला गेला. दगड शिंपल्याच्या जागेवर नेऊन रोवला. राजा दर पुनवेला तिथे येई, पण आता काही बोलत नसे. समुद्राचे ऐकत उभा राही.

सगुणा बरेच दिवस बापाशी बोलली नाही. मग नव्या मिठागरात पहिले मीठ पडले, तेव्हा चिमूटभर घेऊन ती आली.

"बाबा, चाखा. आणि खरे सांगा."

केरोबाने जिभेवर ठेवले. "जरा कडवट आहे, पोरी."

सगुणा हसली आणि त्याच्याजवळ बसली.

तो दगड पुढे कधी हलला नाही. तशी ही कहाणीही इथून पुढे सरकत नाही.