चालू वाहिन्या

“चालू वाहिन्या किती सापडल्या?” गिरीबुवांनी विचारलं.

“दोनशेच्या वर, बुवा,” वामन म्हणाला. “अजून सापडतील.”

टेकडीवरच्या मठात टीव्ही त्यानंच आणला होता. अंगणात, जांभ्याच्या चौथऱ्यावर, केसाकेसानं फिरवून डिश त्यानंच बसवली होती. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घरी ठेवून तो बुवांचा शिष्य झाला होता. ताठा मात्र बरोबर आणला होता.

दारात त्याची बहीण शेवंती बसली होती. खालच्या आंबेखोल गावातून चढून आलेली.

“दादा, लागली का बातमी?”

“थांब. परत शोधतो.”

रिसीव्हरनं पुन्हा शोध सुरू केला. पडद्यावर हिरवी पट्टी सरकू लागली. नावांखाली नावं येऊ लागली.

खाली आंबेखोलात खाणीच्या गाळाचा बांध फुटला होता. शेवंतीचा नवरा लवू तेव्हा शेतात होता. तो गाळाखाली गेला. पोलीस पाटील म्हणाला, दारू पिऊन ओढ्यात बुडाला. खाणीचा साहेबही तेच म्हणाला. शब्दसुद्धा तेच.

तेव्हा वामननं गावाला बजावलं होतं. प्रेत जाळू नका. जाळलं की पुरावा गेला. वाहिनीचा कॅमेरेवाला येऊन गेलाय. एकदा बातमी लागली की कलेक्टरला यावंच लागेल.

गावानं ऐकलं. शिकलेल्या माणसाचं ऐकायचं असतं.

“बर्फ संपला, दादा,” शेवंती म्हणाली. “मासळीवाला आणखी देत नाही. म्हणतो, तुझ्या नवऱ्यापायी माझी मासळी कुजेल.”

वामन रिमोट दाबत राहिला.

एका वाहिनीवर चौघं एकाच वेळी ओरडत होते. एकीवर नटीच्या लग्नातलं जेवण. एकीवर मंत्र्याचा वाढदिवस. पुढची वाहिनी लावली, तिच्यावरही तोच केक.

“चित्र बघा कसं स्वच्छ आहे,” वामन म्हणाला. “सगळ्या चालू आहेत, बुवा.”

“काय चालू आहे?”

वामननं परत पहिली वाहिनी लावली. चौघं अजून ओरडतच होते.

“तो कॅमेरेवाला...” शेवंती जमिनीकडे बघत म्हणाली, “परत जाताना खाणीच्या गाडीतनं गेला.”

“हे आधी का नाही सांगितलंस?”

“तू म्हणालास, आपला माणूस आहे.”

“दुसरा उपग्रह आहे, बुवा.” वामनचा आवाज चढला. “डिश जराशी पूर्वेला घेतली की आणखी वाहिन्या मिळतील. कुणीतरी दाखवलं असेलच. एवढ्या सगळ्यांत एकानं तरी...”

“चल. मी फिरवतो.”

बुवा अंगणात गेले. त्यांनी पाना मागितला नाही. डिशची कड दोन्ही हातांनी धरली आणि सगळा भार टाकून खाली ओढली. खांब करकरला. डिशचं तोंड आभाळावरून सुटलं आणि दरीकडे वळलं.

“अहो बुवा! तिकडे उपग्रह नाही!”

“काय आहे तिकडे?”

वामननं खाली पाहिलं. कौलं. शेतांवरून गेलेला गाळाचा तांबडा पट्टा. एका अंगणात चार बांबूंवर ताणलेली निळी ताडपत्री, आणि तिच्यापासून लांब, नाकाला पदर लावून बसलेल्या बाया.

“लवू आहे,” तो म्हणाला.

आत चौघांचं ओरडणं केव्हाच तुटलं होतं.

“दादा,” शेवंतीनं हाक मारली. “सगळं काळं झालं. काहीतरी अक्षरं आलीत.”

वामन उंबऱ्यापाशी जाऊन थांबला.

“काय लिहिलंय?” बुवांनी मागून विचारलं.

“...सिग्नल नाही.”

“मोठ्यानं वाच. तिला ऐकू दे.”

“सिग्नल नाही.”

बुवांनी पंच्याला हात पुसले. आत येऊन शेवंतीच्या डोक्यावर हात ठेवला.

“लागली, बाये, तुझ्या गावची बातमी. जा. अग्नी द्या त्याला.”