एक पुरुष खोल

एकदा एक सकाळ अशी उजाडली, की दारातल्या माणसाला अंगण दिसेना. माघ सरत आला होता, वारा साफ पडला होता आणि नदीवरून चढलेलं धुकं घराघराच्या ओसरीवर येऊन बसलं होतं. अशा धुक्यात केशर नावाची एक तरुण बाई घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, एका लांबट खड्ड्याच्या काठावर, आपल्या गुरूची वाट पाहत उभी होती.

खड्डा गाड्यांच्या दुरुस्तीचा होता. दोन्ही काठांवर चाकं ठेवून गाडी उभी करायची आणि आपण खाली उतरून, ताठ उभं राहून, तिच्या पोटाखालचं काम करायचं. केशरचे वडील, दौलत मिस्त्री, जन्मभर जमिनीवर पोतं अंथरून, जॅकवर उचललेल्या गाडीखाली सरपटत काम करत आले. एके दिवशी जॅक निसटला. जीव वाचला, पण खुबा मोडला. तेव्हापासून ते शेडमधल्या बाजेवर बसून असत. त्यांचं काम केशरला येत होतं, म्हणून पाने-पकडी तिनं हाती घेतल्या. वडिलांनी अट मात्र एकच घातली. जॅकवरच्या गाडीखाली या घरातलं माणूस पुन्हा जाणार नाही. खड्डा झाला तर दुकान, नाही तर शेडला कुलूप.

केशर गेली तात्यांकडे. तात्यांचं आयुष्य विहिरी खणण्यात गेलं होतं. ते म्हणाले, मी खणून देणार नाही, खणायला शिकवीन. माती कुठं टाकायची, कड ढासळू नये म्हणून काय करायचं, पायऱ्या दोन्ही टोकांना का ठेवायच्या, हे सगळं त्यांनी तिला सावकाश समजावलं. खोली किती घेऊ म्हणून विचारलं, तर विहिरीच्या भाषेत म्हणाले, "एक पुरुष खोल घे." आणि ते लेकीच्या गावाला गेले ते बरेच दिवस तिकडेच राहिले.

केशरनं विचार केला, घरात पुरुष तेवढे वडील. मिस्त्री चांगले उंचेपुरे. तिनं त्यांना दाराच्या चौकटीला टेकवून उभं केलं, त्यांच्या उंचीइतका बाभळीचा वासा कापून घेतला आणि कुदळ उचलली. हाताला फोड आले, फोडांचे घट्टे झाले. शेजारचा सदोबा दुधाचा टेम्पो धुता धुता कुंपणावरून विचारायचा, हत्ती धरायचाय का गं? कधी मिस्त्रींना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचा, आमची सून ओट्याशी उभी राहून चार माणसांचा स्वयंपाक करते, तर संध्याकाळी कंबर धरून बसते, आणि ही म्हणे खड्डा खणणार. केशर दुसऱ्या दिवशी थोडी लवकर उठत असे.

असा तो खड्डा पुरा झाला होता आणि तात्या काठी टेकत धुक्यातून आले. त्यांनी कडा तळहातानं दाबून पाहिल्या, पायऱ्या उतरून पाहिल्या आणि काम चोख आहे म्हणाले. मग माप विचारलं. केशरनं वासा आत उभा धरला. तंतोतंत. तात्यांनी वाशाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग बाजेवरच्या मिस्त्रींकडे. त्यांनी फावडं घेतलं, बाहेरच्या ढिगातला मुरूम घमेल्यात भरला आणि खड्ड्यात ओतला. मग दुसरं घमेलं. मग तिसरं.

धुक्यातून आधी सदोबाचा आवाज आला, मागून सदोबा. "काय तात्या, हत्ती सापडला वाटतं. पुरून टाकताय?"

केशरनं पुढं होऊन घमेलं धरलं. "चुकलं असेल तर सांगा, तात्या. पण बुजवू नका. यातलं एकेक घमेलं मी वर काढलंय."

तात्यांनी घमेलं खाली ठेवलं. दोन्ही काठांवर विटा रचल्या आणि गाडीचं पोट येईल त्या उंचीवर एक बांबू आडवा टाकला. मग तिला खाली उतरवून म्हणाले, याला पाना लाव. केशर चवड्यांवर उभी राहिली. बोटं बांबूला जेमतेम टेकली, पकड काही येईना. ती म्हणाली, पायाखाली फळी घेईन.

"फळीवर उभं राहता येतं, पोरी," तात्या म्हणाले. "लोक जन्मभर राहतात. पण मग निम्मा जीव पाय सांभाळण्यात जातो आणि उरलेल्या निम्म्यात काम. विहिरीत जो उतरतो त्याच्या अंगाच्या मापाला आम्ही पुरुष म्हणतो. बाई उतरली तर बाई पुरुष. खाली राबणार कोण, त्याचं माप. तू थोरल्या माणसाचं घेतलंस, आदरानं घेतलंस, त्यात वाईट काही नाही. पण आदर दाखवायचा तर पाया पडावं. त्यासाठी जमीन कशाला खणायची?"

बाजेवरून मिस्त्रींचा आवाज आला. "केशर, करवत आण."

ती वाशाला पाठ लावून उभी राहिली. तात्यांनी तिच्या डोक्याशी खिळ्यानं खूण केली. करवत लावताना तिचा हात थांबला, तेव्हा मिस्त्रींनी वाशाचं दुसरं टोक स्वतःच्या हातांनी दाबून धरलं. वीतभर तुकडा खाली पडला. तो त्यांनी उचलून बाजेखाली ठेवला. टाकू नको म्हणाले, लागेल.

मग तात्यांचं घमेलं केशरनं घेतलं. जितक्या निश्चयानं खणलं होतं तितक्याच निश्चयानं तिनं मुरूम भरला, धुम्मसानं ठोकून तळ घट्ट केला आणि तात्यांच्या नजरेखाली चारी बाजू दगडांनी बांधून काढल्या.

शिमगा जवळ आला तेव्हा पहिली गाडी आली, ती सदोबाचाच टेम्पो. त्याच्या गिअरबॉक्समधून ऑइल गळत होतं आणि तालुक्याला जायला सवड नव्हती. टेम्पो खड्ड्यावर उभा राहिला. मिस्त्रींनी बाजेखालचा तुकडा काढून दिला आणि म्हणाले, चाकामागं उटी लाव, गाडी सरकायला नको. केशरनं तो तुकडा चाकामागं घट्ट ठोकला आणि ती खाली उतरली. दोन्ही पाय तळावर, कोपर किंचित वाकलेलं, हात थेट नटावर. पाना लागला आणि नट फिरला.

तात्या काठावर बसून पाहत होते. सदोबाही बराच वेळ उकिडवा बसून वाकून पाहत राहिला, चेष्टा न करता. मग उठून तात्यांच्या जवळ आला आणि आवाज बारीक करून म्हणाला, "तात्या, जाताना एखादा लांब वासा घेऊन आमच्याकडं या जरा. ओटा आमच्या आईच्या मापानं बांधलाय, आणि सून तिच्यापेक्षा वीतभर उंच आहे."