सटवाजीच्या तीन खिडक्या

एक होता राजा. त्याला उशिरा उठायची भारी खोड. जसा राजा, तसे त्याचे तीन म्हातारे कारभारी. उगवता सूर्य त्यांच्यातल्या एकानंही कधी पाहिला नव्हता, बरं का.

एकदा राजाला वाटलं, सूर्यानंच येऊन आपल्याला उठवावं. मग सटवाजी गवंडी आला. त्यानं ओळंबा लावला, पूर्वेची भिंत फोडली, नेमकी खिडकी बसवली. दसऱ्याच्या सकाळी पहिलं ऊन थेट राजाच्या उशीवर! राजा खूश.

पण दिवाळीला ऊन उशी सोडून समईवर पडलं. कारभारी म्हणाले, "खिडकी चुकली. उजवीकडे, दक्षिणेच्या अंगाला, दुसरी पाड." सटवाजीनं पाडली. मग ऊन तिथूनही सरकलं, तांब्यावर गेलं. मग तिसरी पाडली. तर ऊन जाऊन बसलं मांजरावर! मांजर सुखावलं, राजा संतापला.

थोरले कारभारी म्हणाले, "सूर्य चुकत नाही, असं आमचे आजे-पणजे सांगून गेलेत. गवंडीच चुकला. परवा त्याला पोरीसकट वेशीबाहेर काढा."

सटवाजीची लेक हौसा तिथंच चुना कालवत होती. ती उसळली, "आजे-पणजे सांगून गेले, पण तुम्ही कधी बघितलंत का?"

"मोठ्यांच्या मध्ये तोंड घालू नकोस!" कारभारी खेकसले.

हौसानं तोंड मिटलं. पण पाय उचलले. दक्षिणेला ओळीनं तीन डोंगर होते. तिनं पहिला ओलांडला, दुसरा ओलांडला, तिसऱ्याच्या माथ्यावर जाऊन बसली. पौषातली थंडी, दात नुसते कडकड वाजत होते. मग तांबडं फुटलं आणि सूर्य धापा टाकत वर आला.

"सूर्यदादा, तुम्ही असे सरकत कुठं निघालात? तुमच्यापायी माझे बाबा गाव सोडायला निघालेत!"

सूर्य हसला. "अगं, एकाच दारात बसून राहिलो तर बाकीच्यांनी काय कुडकुडत मरायचं? दक्षिणेचा फेरा इथं संपला. जरा टेकतो नि मागं फिरतो. शिमग्याला तुझ्या बाबांच्या पहिल्या खिडकीत. मग तसाच उत्तरेला, आणि दसऱ्याला पुन्हा तिथंच. दर वर्षी हेच चालतं. बघतो कोण?"

हौसा धावत सुटली. सटवाजी गाढवावर सामान लादत होता. ती तशीच राजाकडे गेली. "महाराज, शिमग्यापर्यंत थांबा. सूर्य पहिल्या खिडकीत नाही आला, तर आम्ही आपणहून जाऊ. पण खरंखोटं तुमच्या डोळ्यांनी बघा."

कारभारी मिशीत हसले. राजा मात्र म्हणाला, "बघू."

मग राजा रोज अंधारात उठू लागला. कारभाऱ्यांनाही हाताला धरून उठवू लागला. सूर्य तिसऱ्या खिडकीत आला. सटवाजीनं गाढवावरचं सामान उतरवलं. मग दुसऱ्या खिडकीत आला. कारभाऱ्यांनी माना खाली घातल्या. आणि शिमग्याला पहिल्या खिडकीतून पहिलं ऊन आत आलं, तर उशी रिकामी! राजा आधीच खिडकीत उभा होता.

"खिडकी बरोबर, गवंडी बरोबर," राजा म्हणाला. "झोपलो होतो ते आम्ही."

मग सटवाजी गावातच राहिला, हौसा त्याच्या हाताखाली भिंती बांधायला शिकली, आणि सगळे सुखानं नांदले. सूर्य आपल्या वाटेनं गेला, बाळांनो. तुम्ही आता गोधडीत शिरा. मिटा बघू डोळे.