द्वारकाबायची तिसरी हाक

फार वर्षांपूर्वी, धामणखारच्या खाडीवर पूल नव्हता आणि चौकीतल्या फौजदाराला जाब विचारणारंही कुणी नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. तिथं द्वारका गावंड नावाची बाई होऊन गेली. बाप मिठागरात राबायचा, आणि ही शिकत शिकत थेट वकील झाली. खाडीकाठच्या उंचवट्यावर, टेपावर, कातकरी पाडा होता; तिथं सगळे तिला द्वारकाबाय म्हणत. तालुक्याच्या कोर्टात ती बोलायला लागली की खाडीतल्या होड्या जागच्या जागी थांबत, असं म्हणतात.

कोर्टातल्या बाकीच्या वकिलांनी तिला बसायला खुर्ची दिली नाही. बरं झालं नाही दिली! ती बाहेर पायरीवर बसली, आणि ज्यांना कोर्टात पाऊल टाकायची भीती वाटे, ते सगळे तिच्याभोवती जमले. कुणाला जंगलातून हाकललेलं, कुणाची मुलगी कामावरून परतलेली नाही, कुणाला उगाच बडवलेलं. ती सगळ्यांसाठी भांडायची. आज हरली तर उद्या पुन्हा उभी. तिच्यापुढे खटला हरून चिडलेल्या लोकांनी एकदा तिचा काळा कोट खाडीत फेकला. तिनं तो बाहेर काढला, तसाच निथळता अंगात घातला आणि न्यायाधीशापुढे जाऊन उभी राहिली. कोटाचा रंग पाण्यात उतरला म्हणून त्या वळणावर खाडी अजून काळी दिसते, असं म्हणतात.

पण तिचं नाव गाजलं ते गोमामुळे.

गोमा हिलम हा टेपावरचा कातकरी, कोळशाच्या भट्टीवर कामाला. तिथला मुकादम अंधार पडला की माणसांना कोंडून घाली. गोमा एक दिवस म्हणाला, "मी काय ढोर नाय. काम करीन न् सांजेला माझ्या घरी जाईन." एवढंच म्हणाला. मुकादमाचं आणि फौजदाराचं साटंलोटं होतं. फौजदारानं गोमाला भट्टीवरूनच उचललं. त्याची बायको पवळी चौकीवर गेली, तर तिला सांगितलं, असा कुणी माणूस इथं आणलेलाच नाही. त्या चौकीत गेलेली माणसं आधीही अशीच नाहीशी झाली होती. पवळी रडत द्वारकाबायकडे आली.

"बाय, मारून टाकतील गं त्याला."

द्वारकाबाय तशीच होडीत बसली आणि पलीकडे मोठ्या न्यायाधीशाच्या दारात जाऊन उभी राहिली. "धरलेला माणूस कोर्टापुढे आणायचा असा कायदा आहे. माझा माणूस कुठाय, साहेब?" न्यायाधीश भला होता, पण जरा भित्रा. त्यानं टाळून पाहिलं, उद्या ये म्हणून पाहिलं. ही दारातून हलेना. शेवटी तो निघाला बापडा तिच्याबरोबर.

चौकीवर पोचले तेव्हा तिन्हीसांज झाली होती. पाड्यातल्या बायका आधीच येऊन अंगणात बसल्या होत्या. कोठडी रिकामी होती, धुऊन काढलेली. चौकीमागे मिठाचं जुनं कोठार होतं आणि त्याला भलंमोठं कुलूप.

"त्यात मीठ आहे, साहेब. किल्ली हरवलीय," फौजदार म्हणाला.

"बाई, पुराव्याशिवाय मी कुलूप कसं तोडायला सांगू?" न्यायाधीश म्हणाला.

फौजदाराला चेव आला. "मारा की हाक! आत असला तर देईल ओ." आवाज काढलास तर जीभ छाटीन, असा दम त्यानं गोमाला आधीच देऊन ठेवला होता.

द्वारकाबाय कोठारापुढे गेली. "गोमा होऽऽ!"

आतून काही नाही. फौजदार हसला.

"गोमा होऽऽ!"

पुन्हा शांत. न्यायाधीशानं मान हलवली आणि तो होडीकडे वळला. पण अंगणातल्या बायका मात्र निवांत होत्या. फौजदार पडला घाटावरचा, त्याला कुठून ठाऊक असणार? टेपावरचं माणूस तिन्हीसांजेच्या पहिल्या हाकेला ओ देत नाही, दुसरीलाही देत नाही. भूत दोनदाच हाक मारतं, तिसऱ्यांदा मारणारा माणूसच असतो, अशी त्यांची समजूत. द्वारकाबाय त्याच मातीतली होती. तिनं छाती भरून श्वास घेतला.

"गोमा होऽऽ!"

"ओऽऽ!"

दमाला न भिता गोमानं ओ दिली. आणि त्याच्यामागून आणखी ओ आल्या, एकामागून एक. ज्यांना हाक मारायला कधी कुणी आलंच नव्हतं, ती माणसंही आत होती. हाक कुणाच्याही नावाची असू दे, त्यांनी ओ दिली. कुलूप आपोआप गळून पडलं, असं म्हणतात. मला विचाराल तर पवळीनं धोंडा घातला असणार. तुम्हाला पटेल ते घ्या.

गोमा बाहेर आला, बाकीचेही आले. पण द्वारकाबायनं ऐकलेला एक आवाज त्यांच्यातल्या कुणाचाच नव्हता. तिनं प्रत्येकाला बोलायला लावून पाहिलं. तो आवाज जुळला नाही. फौजदाराची नोकरी गेली, भट्टी बंद पडली, तरी ती थांबली नाही. केस पांढरे होईतो भांडली आणि कोर्टाच्या हुकमानं तिनं कोठाराची जमीन खणायला लावली. मिठाखाली हाडं सापडली. नाव मात्र सापडलं नाही. त्या दिवशी ती कोर्टाच्या पायरीवर बसून ढसाढसा रडली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागली.

ती गेली त्या तिथीला आजही सगळं धामणखार कोठारापुढे जमतं आणि त्या बिननावाच्या माणसाला हाक मारतं. "जो असशील तो होऽऽ!" मग सगळे गप्प राहून ऐकतात. ओ ऐकू आली का, असं कुणी कुणाला विचारत नाही.

आणि टेपावरून कुणालाही चौकीत नेलं, तर म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट अख्खा पाडा मागोमाग चालत जातो आणि दाराशी हाका मारतो. नवा फौजदार वैतागतो. "अरे, आत आहे तुमचा माणूस, धडधाकट आहे. ओरडता कशाला? मी सांगतोय ना!"

"तू नको सांगू," पाडा म्हणतो. "त्याची ओ त्याला देऊ दे."