कांडपाची बंद खिडकी

पेठेतल्या द्वारकाबाईंच्या मिरची कांडपावर तासन्‌तास थांबावं लागे, म्हणून त्यांनी गिऱ्हाइकांसाठी फुकट वायफाय बसवलं. पण गिऱ्हाइकांना ते मिळेचना. शेजारचे माजी सभापती बजरंगराव घरबसल्या त्यावर दिवसभर सिनेमे बघायचे. बाईंनी विचारलं, तर म्हणाले, "हवेतून माझ्या घरात आलं, ते माझं."

बाई नुसतं "बरं" म्हणाल्या. एवढ्या तोंडाळ बाई गप्प कशा बसल्या, याचंच सगळ्यांना नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बजरंगरावांच्या बाजूची, कायम बंद ठेवलेली खिडकी सताड उघडली आणि लवंगी मिरची कांडायला घेतली. थोड्याच वेळात बजरंगराव शिंकत, डोळे पुसत दारात आले.

"बाई, तुमचा हा खकाणा आवरा."

"माझा कुठला? हवेतून तुमच्या घरात आला, म्हणजे तुमचाच की."