भुंडे हात

दंगलीनंतर गावात शांतता बैठक भरली. गावपुढारी दाजीसाहेबांनी तिथेही फर्मान सोडलं, "शांतता हवी ना? मग त्या लोकांशी व्यवहार बंद! बायांनो, बांगडीवाल्या जैबूनच्या हातून बांगड्या भरू नका. अपशकुन होतो!"

बायांमध्ये सगुणा बसली होती. जैबूनमावशीचं जळतं दुकान विझवायला धावलेला सगुणाचा नवरा दाजीसाहेबांच्याच मोर्चातल्या दगडानं गेला होता.

ती उठली आणि भुंडे हात पुढे करून म्हणाली, "दाजीसाहेब, लग्नात माझा हिरवा चुडा मावशीनंच भरला होता. तो फोडला कुणी, तेवढं सांगा."



कोपऱ्यातून जैबून पुढे आली. सवयीनं तिनं सगुणाचा पंजा दाबून पाहिला. माप तेच होतं. भरायचं मात्र काही उरलं नव्हतं.