न आवडलेल्या आचार्या

ही गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की ते राज्य नेमकं कुठं होतं हे आता कुणालाच सांगता येत नाही. त्या राज्यात एक विद्यापीठ होतं आणि तिथं न्यायाधीश घडवले जात.

तिथले आचार्य कुमुदचंद्र फार रसाळ बोलत. जुने खटले ते असे रंगवून सांगत, की वेळ कसा गेला ते कळत नसे. निकालही तेच सांगत. शिष्यांनी फक्त ऐकायचं.

आचार्या मृडानींच्या वर्गात मात्र कुणाला स्वस्थता नसे. एखादा शिष्य हौसेनं आपलं म्हणणं मांडून खाली बसला, की त्या म्हणत, "आता याच्या उलट बाजू मांड."

"पण ती मला पटत नाही, आचार्या."

"म्हणूनच मांड."

शिष्य घामाघूम होत. मनातून चिडत.

एकदा राजाच्या मनात आलं, शिकवणं कसं आहे हे शिकणाऱ्यांनाच विचारावं. वर्ष संपताना प्रत्येक शिष्यानं आपल्या आवडत्या आचार्यांच्या दारात फूल ठेवायचं, असं ठरलं. कुमुदचंद्रांचा उंबरा फुलांनी झाकून गेला. मृडानींचं अंगण झाडलं होतं तसंच राहिलं. राजानं त्यांना रजा दिली. त्या आपल्या गावी गेल्या.

विश्वंभर नावाच्या शिष्यानंही आपलं फूल कुमुदचंद्रांनाच वाहिलं होतं. मृडानी गेल्या तेव्हा त्याला सुटल्यासारखं वाटलं.

पुढं विश्वंभर एका दूरच्या गावी न्यायाधीश झाला. तिथं एका मेंढपाळावर आळ आला, की त्यानं शेजाऱ्याची गवताची गंजी पेटवली. लोकांनी त्याला आगीपासून पळताना पाहिलं होतं. मेंढपाळ घाबरून नुसता रडत होता. विश्वंभरची खात्री पटली. आता त्याला गावाबाहेर काढण्याचा निकाल द्यायचा, एवढंच उरलं होतं.

पण तोंड उघडताना तो अडखळला. कुणी न सांगताच त्याचं मन उलट बाजू मांडू लागलं. हा निर्दोष असेल, तर का पळाला असेल?

त्यानं साक्षीदाराला विचारलं, "हा कुठल्या दिशेनं पळत होता?"

"तळ्याकडं."

"हातात काही होतं?"

"घागर होती, महाराज."

विश्वंभरनं मेंढपाळाला तिथंच सोडून दिलं. आग विझवायला धावलेल्या माणसालाच सगळे गावाबाहेर काढायला निघाले होते.

दुसऱ्या दिवशी तो राजधानीला गेला आणि मृडानींच्या शिकवणीमुळं एक निर्दोष माणूस कसा वाचला, ते त्यानं राजाला सांगितलं.

राजा म्हणाला, "म्हणजे तुम्ही शिष्य तेव्हा खोटं बोललात?"

"नाही, महाराज. कोण आवडतं असं तुम्ही विचारलंत, त्याचं आम्ही खरं उत्तर दिलं. काय शिकलो, ते तेव्हा आमचं आम्हालाच ठाऊक नव्हतं."

राजा स्वतः मृडानींना आणायला गेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मुलांचंही सगळंच चुकलं नव्हतं. उलट बाजू का मांडायची, हे मी त्यांना कधी समजावून सांगितलं नाही. ते सांगायला हवं होतं."

त्या परतल्या. वर्ग तसाच अवघड राहिला, पण आता शिष्यांना अवघडाचं कारण कळत होतं. कुमुदचंद्रही निकालाआधी थांबून "तुम्ही काय निकाल द्याल?" असं विचारू लागले. राजानं शिष्यांचं मत घेणं सोडलं नाही. फक्त ते शिकताना घेई, आणि काही वर्षं न्यायदान केल्यावर त्यांना बोलावून पुन्हा घेई. पुष्कळांची उत्तरं दुसऱ्या वेळी बदललेली असत.

तात्पर्य: शिकवणं आवडलं का, हे शिष्य लगेच सांगू शकतो; त्यातून काय मिळालं, हे त्याला काम करू लागल्यावरच कळतं.